ठासणीची बंदूक आणि फायटर जेट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस तुमच्या वाचकपत्रांत अमेरिकेतल्या बंदुकांवरून जी जुगलबंदी चाललीय ती वाचतोय. एक पार्टी म्हणते घराघरात रायफल असली की सरकार माजत नाही, दुसरी म्हणते रणगाडे, विमानं आली की तुमची रायफल काय कामाची. पण मिझोरम-मणिपूरला लागून जो देश आहे तिथे हेच सगळं २०२१ पासून लाइव्ह चालू आहे, त्याचं नाव कोणीच काढत नाही, म्हणून हे पत्र.

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली, लोकांनी निवडून दिलेल्या नेत्या आंग सान सू ची यांना आत टाकलं. लोकांनी आधी रात्री भांडी बडवली, मोर्चे काढले, गोळ्या खाल्ल्या आणि मग मे महिन्यात लष्कराच्या विरोधकांनी काढलेल्या समांतर सरकारने पीपल्स डिफेन्स फोर्स, म्हणजे लोकांची स्वतःची सेना, जाहीर केली. आता गंमत अशी की या लोकांच्या घरात बंदुका नव्हत्याच. म्यानमारच्याच चिन राज्याच्या (चीन देश नव्हे) डोंगरातल्या मिंदात गावची पोरं लष्कराला भिडली ती ‘तुमी’ नावाची शिकारीची बंदूक घेऊन. म्हणजे आपली ठासणीची बंदूक हो, आमच्याकडे कोकणात डुकरांपासून शेत राखायला ठेवतात तीच जात. नळीत दारू ओता, छर्रे टाका, गजाने ठासा, एक बार काढा, की परत पहिल्यापासून सगळं. समोर ऑटोमॅटिक रायफली. तरी लष्कराची माणसं पडली, कारण रस्ता वळणावळणाचा आणि प्रत्येक वळण पोरांना पाठ.

पण नुसत्या हिमतीवर चार वर्षांच्या वर कोणी टिकत नाही. टिकले कारण डोंगरात करेन, काचिन वगैरे जमातींच्या बंडखोर फौजा आधीपासून बसलेल्या होत्या, करेन तर १९४९ पासून लढतायत. यांगून शहरातली कॉलेजची पोरं तिकडे जाऊन ट्रेनिंग घेऊन आली. शहरात राहून लढणारे बरेच पकडले गेले नाहीतर मारले गेले, तिथे लपायला जागाच नाही. पैसा परदेशातल्या बर्मी लोकांनी पाठवला, समांतर सरकारने बाँड विकले, एवढंच काय तेव्हाचा लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग याच्या बंगल्याचे शेअर्ससुद्धा विकायला काढले (बंगला तेव्हा त्याच्याच ताब्यात!). आणि लष्कराच्या आतूनच बातम्या फोडणारे सैनिक, त्यांना तिथे कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं आतून लाल. माझ्या मते हे सगळं बंदुकीपेक्षा मोठं हत्यार.

दुसऱ्या पार्टीचं पण ऐकून घ्या, कारण विमानाचं त्यांचं म्हणणं खोटं नाहीच. ११ एप्रिल २०२३ ला सागाइंग भागातल्या पाझिगी गावात बंडवाल्यांच्या ऑफिसचं उद्घाटन होतं, सकाळी बायकापोरांसकट गाव जमलेलं. आधी लष्कराच्या जेटने बॉम्ब टाकला, मग हेलिकॉप्टरने पळणाऱ्यांवर फायरिंग केलं, दीडशेच्या वर माणसं गेली. बंडवाल्यांनी शेतीचे फवारणीचे ड्रोन घेऊन त्यावर घरगुती बॉम्ब बांधले, चाललं काही दिवस, मग लष्करानेही ड्रोन आणि ड्रोनचा सिग्नल अडवणारे जॅमर आणले. जमिनीवर माणूस लढेल हो, आभाळाचं काय करणार.

आमच्या रत्नागिरीत ज्याचा पॅलेस बघायला लोक येतात तो थिबा राजा म्हणजे म्यानमारचाच (तेव्हाच्या ब्रह्मदेशाचा) शेवटचा राजा, १८८५ मध्ये फारसा न लढताच इंग्रजांच्या हाती लागला, पण तिथले खेड्यापाड्यातले लोक नंतर काही वर्षं लढत राहिले. इंग्रज त्यांना डाकू म्हणायचे. शेवटी गावं जाळून, उठवून दुसरीकडे बसवून ते बंड मोडलं. आजचं लष्करही सागाइंगमध्ये तेच करतंय, धान्य तोडा, पैसा तोडा, खबर तोडा, भरती तोडा. फरक एवढाच की हे स्वतःच्याच लोकांवर चाललंय.

आणि सगळ्यात कडू गोष्ट तर चीनची. २७ ऑक्टोबर २०२३ ला उत्तरेतल्या बंडखोरांच्या तीन फौजांनी लष्करावर एकदम हल्ला चढवला, जानेवारीत चीनच्या सीमेजवळच्या लाउक्काई शहरात दोन हजारांच्या वर सैनिक जनरलांसकट शरण आले, काही सैनिक तर पळून आपल्या मिझोरममध्ये आले आणि आपण त्यांना विमानाने परत पाठवलं. लष्करावर सक्तीची भरती काढायची वेळ आली. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तरेतलं लाशिओ शहर बंडखोरांच्या हाती पडलं, तिथलं लष्कराचं प्रादेशिक मुख्यालयच गेलं, असं आधी कधी झालं नव्हतं. मग चीनने बंडखोरांकडची सीमेवरची नाकी बंद केली, वीज-इंटरनेट तोडलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये तेच लाशिओ लढाई न होता लष्कराला परत मिळालं. ज्यांनी जीव देऊन घेतलं त्यांच्या बंदुका हातातच होत्या की!

तेव्हा अमेरिकेतल्या टेक्सासच्या बंदूकवाल्यांना माझा एकच प्रश्न, तुमच्या पाठीशी कुठला डोंगर, कुठली बॉर्डर आणि कुठला शेजारी आहे ते आधी सांगा, रायफलचं मॉडेल नंतर विचारतो.

पत्र लांबलंय, कापायचं तर थिबा कापा, लाशिओ तेवढं ठेवा.

– एक वाचक, रत्नागिरी