'कटिंगसाठी तयार' म्हणून विकलेल्या क्लिप आर्ट संचाबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी

विषय : सजावटी क्लिप आर्टचा संच कटिंगच्या कामाचा नसल्याबाबत, तसेच रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

माझे साताऱ्यात साइन बोर्डचे दुकान आहे. मी आणि एक मदतनीस, दोन फुटी कटिंग प्लॉटर (चिकट प्लास्टिक म्हणजे विनाइल कापणारे यंत्र) आणि एक कॉम्प्युटर, एवढाच पसारा. आपल्या संकेतस्थळावरून मी सजावटी किनारी, कमानी, मोर आणि वेलबुट्ट्यांचा १,२०० तयार चित्रांचा, म्हणजे क्लिप आर्टचा, संच घेतला. किंमत ४,००० रुपये, जीएसटी धरून ४,७२० रुपये. जाहिरातीत ठळक अक्षरांत दोन गोष्टी होत्या : 'विनाइल कटिंगसाठी तयार' आणि 'मराठी पाट्यांसाठी खास'. या दोन ओळी वाचूनच मी पैसे भरले आणि दोन्ही खोट्या निघाल्या.

पहिलेच काम पैठणीच्या दुकानाचे होते. दहा फूट बाय तीन फूट एसीपीचा (ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा) बोर्ड, वर ॲक्रिलिकची अक्षरे, दोन्ही टोकांना सोनेरी विनाइलचे मोर आणि भोवती वेलीची किनार. बोर्डाचा भाव आमच्याकडे चौरस फुटावर ठरतो, अक्षरांचा इंचावर. सजावटीला असे माप नाही. तिचा भाव म्हणजे माझे तास. तयार चित्र हाताशी आहे, तासाभरात मांडणी आणि दोन तासांत कटिंग व चिकटवणे होईल, असा हिशोब करून मी सजावटीचे १,५०० रुपये सांगितले. ग्राहकाने ते लगेच मान्य केले, आगाऊ रक्कमही दिली.

मोर उघडला तेव्हा कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली नोडची, म्हणजे रेषेवरच्या बिंदूंची, संख्या दिसली, ११ हजारांच्या वर. एका पिसाची कड हाताने काढली तर दहाबारा नोड पुरतात, इथे तीनशेच्या आसपास होते. म्हणजे कुणीतरी फोटोवरून आपोआप ट्रेस करून ते तसेच संचात टाकले. प्लॉटरचे ब्लेड प्रत्येक नोडला अडखळत गेले आणि गोल वळणाच्या जागी करवतीसारखे दाते उमटले. वेलीचे तर आणखी वाईट. पाने देठावर नुसती ठेवलेली, वेल्ड केलेली, म्हणजे जोडून एकच आकार केलेली, नाहीत. पडद्यावर सगळे एकसंध दिसते, पण ब्लेड प्रत्येक सांध्यावर आरपार कापते. नको असलेले विनाइल सोलायला घेतले तर पाने एकेक करून त्याच्याबरोबर निघून आली. पिसाऱ्यातल्या डोळ्यांची कडी एक मिलिमीटरपेक्षाही बारीक होती. मास्किंग टेप लावून बोर्डावर उतरवली तेव्हा निम्म्या कड्या टेपलाच चिकटून परत आल्या.

तीन मीटर सोनेरी विनाइल वाया गेले. उद्घाटनाची तारीख पक्की होती, म्हणून दोन रात्री बसून मोर आणि वेल मी नव्याने काढले. मोजून तेरा तास लागले. ग्राहकाकडे जास्तीचे पैसे मागितले नाहीत, मागणार कसे? एकदा सांगितलेला भाव मोडणे मला जमत नाही.

माझे वडील ब्रशने पाट्या रंगवायचे. किनारीचे नमुने त्यांनी कागदावर काढून ठेवले होते. रेषेवर टाचणीने भोके पाडायची, कागद फळीवर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची की ठिपक्यांत नक्षी उमटते. एक नमुना त्यांनी वीस वर्षे वापरला, कारण तो काढतानाच ब्रश कुठून वळणार हे त्यांना ठाऊक होते. क्लिप आर्टकडून मला तेवढेच हवे आहे. चित्र काढणाऱ्याने कापणाऱ्याचा विचार केलेला असावा.

'मराठी पाट्यांसाठी खास' या दाव्याबद्दल. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि आमच्याकडे पाट्या बदलून घेणाऱ्यांची रांग लागली. तेव्हापासून मराठी अक्षरांभोवती शोभेल अशा नक्षीला मागणी आहे. आपल्या कमानी मात्र रोमन अक्षरांच्या मापाच्या आहेत. 'पैठणी' या शब्दाला शिरोरेषेच्या वर दोन मात्रा आणि वेलांटी लागते, 'वस्तू'ला खाली ऊकार. आपल्या चौकटीत वेलांटी कमानीत घुसते आणि ऊकार वेलीवर बसतो. अक्षर लहान करावे तर बोर्डावर इंग्रजी नावही असते, आणि मराठी अक्षर त्याहून लहान चालत नाही, असा कायदाच आहे. मग इंग्रजीही लहान होते आणि रस्त्यावरून काहीच वाचता येत नाही. नुसती फाइलच्या नावात 'मराठी' लिहिल्याने चौकट मराठी होत नाही.

नंतर मी संचातली २०० चित्रे एकेक करून तपासली. ६१ चित्रांत कोरलच्या सीडीआर फाइलच्या आत साधा फोटो चिकटवलेला आहे, ब्लेडला चालायला रेषाच नाहीत, म्हणजे ती कापताच येत नाहीत. शिवाय झिप उघडल्यावर आत परवान्याची फाइल सापडली. एक चित्र एकाच ग्राहकासाठी, पुढच्या प्रत्येक बोर्डाला वेगळे शुल्क. विक्रीच्या पानावर याचा उल्लेख कुठेही नव्हता. ही अट आधी कळली असती तर मी भावच वेगळा लावला असता किंवा संच घेतलाच नसता.

आपल्या मदत केंद्राने 'सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरा' एवढे उत्तर दिले. दुसऱ्या मेलला 'डिजिटल मालाचे पैसे परत मिळत नाहीत' असे. माल वर्णनाप्रमाणे असता तर मी पैसे मागितलेच नसते.

माझी मागणी अशी : ४,७२० रुपये आणि वाया गेलेल्या विनाइलचे ९०० रुपये परत करावेत. माझ्या तेरा तासांचे मी काही मागत नाही. विक्रीच्या पानावर प्रत्येक चित्राची नोडसंख्या, लहानात लहान किती उंचीपर्यंत ते कापता येईल आणि परवान्याची अट स्पष्ट छापावी. माझ्यासारखे छोटे दुकान चालवणारे बरेच जण हाच संच घेऊन त्यावर भाव सांगत असतील.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवे. स्वतःच्या उपजीविकेसाठी माल घेणारा स्वयंरोजगारी माणूस २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो, त्यामुळे 'धंद्यासाठी घेतले' हे उत्तर मला देऊ नये. महिन्याभरात निर्णय कळला नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सोललेल्या विनाइलचे फोटो आणि त्या ६१ फाइलींची यादी जोडली आहे. मी नव्याने काढलेली वेलही पाठवत आहे. तिच्यात पाने देठाला वेल्ड केलेली आहेत, ती आपल्या चित्रकारांना दाखवावी.

आपला,
एक साइन बोर्ड व्यावसायिक, सातारा