रॅम खराब नाही, दादा

म्युनिक, रविवार

प्रिय दादा,
सा. न.

मी मजेत आहे. जेवण, झोप, ऑफिस सगळं वेळेवर. एवढं आईला मोठ्याने वाचून दाखव. पुढचा काँप्युटरचा भाग तू एकटा वाच.

रायझन ५ २६०० हा जुना प्रोसेसर काढून रायझन ७ ५७००एक्स बसवला आणि रॅमचा स्पीड ३२०० वरून २१३३ वर आला, म्हणून दुकानदार रॅम बदलायला सांगतोय. बदलू नकोस. प्रोसेसर बदलला की मदरबोर्ड बहुतेक वेळा बायोसची, म्हणजे त्याच्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंग पुसून मूळ जागी येतो. रॅमवर छापलेले ३२०० आपोआप मिळत नाहीत, ते एक्सएमपी प्रोफाइलमध्ये, म्हणजे रॅममध्येच साठवलेल्या जादा वेगाच्या सेटिंगमध्ये, असतात. ते बंद असलं की रॅम १.२ व्होल्टवर, २१३३ किंवा २४०० ला चालते. शिवाय प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्याच वेगाने पळतं, त्यामुळे फटका दुहेरी बसतो.

बायोसमध्ये जा (डिलीट किंवा एफ२), एक्सएमपी किंवा डीओसीपी जे नाव असेल ते चालू कर, व्होल्टेज १.३५ दिसतंय ना बघ, एफ१० दाबून सेव्ह कर. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे स्पीड दिसेल. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नकोस, डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा देते, म्हणून तिथला आकडा निम्मा असतो.

एक्सएमपी लावल्यावर स्क्रीन काळी होते म्हणालास. लगेच प्लग ओढू नकोस. बोर्ड रॅमला नव्याने शिकवत (नव्या वेगाशी जुळवत) असतो, दोनतीनदा स्वतःच बंद-चालू होतो. पाच मिनिटांतही काही दिसलं नाही, तर केबल काढ, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढून थोड्या वेळाने परत घाल, म्हणजे बायोसची सेटिंग पुसली जाईल.

माझा संशय तू जुन्या दोनांच्या जोडीला घातलेल्या रॅमच्या नव्या दोन स्टिकवर (पट्ट्यांवर) आहे. खराब म्हणून नव्हे, चार झाल्या म्हणून. ५००० मालिकेला ३२०० अधिकृतपणे दोन स्टिकवर मिळतं. चार घातल्या की सिंगल रँकला (स्टिकवर चिपचा एकच गट) २९३३, ड्युअल रँकला (दोन गट) २६६७. त्यापुढे चाललं तर नशीब, आणि तुझ्याकडे दोन वेगळे किट (जोड) आहेत. आधी जुन्या दोनच ठेव, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये घातल्यास तर एकच चॅनेल (डेटाचा मार्ग) चालेल. ३२०० पक्कं झालं की नव्या दोन घाल आणि वेग हाताने २९३३ कर. नाहीच जमलं तर २६६७. तुझ्या फोटो अल्बमच्या कामाला ३२ जीबी जास्त मोलाचे, तो फरक कुणाला कळणारही नाही.

मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालव. एकही एरर आली तर वेग खाली आण. "चालतंय ना" म्हणून सोडू नकोस, अशीच रॅम लग्नाचे फोटो गुपचूप बिघडवते.

१६ च्या जागी ८ जीबीच दिसले तर प्रोसेसर काढून पिना बघ, एखादी वाकली असेल. कूलर ओढून नको, काँप्युटर थोडा गरम करून, बंद करून, कूलर हळू पिळून काढ. बायोस २०२२ च्या आधीचं असेल तर अपडेट कर, पण यूपीएसवरच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेला. आणि सुरू होताना एफटीपीएमबद्दल (प्रोसेसरमधल्या सुरक्षा-किल्ल्यांच्या जागेबद्दल) वाय की एन विचारलं, तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी की हाताशी असल्याशिवाय वाय दाबू नकोस.

आता आईला दे. आई, व्हिडिओ कॉलवर मी जॅकेट घालून बसले होते ते आजारी म्हणून नाही. इथे ऐन थंडीतही दिवसातून दोनतीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं ठेवतात, हीटर बंद करून. खिडकी जराशी तिरकी करून चालत नाही, पूर्णच उघडायची. घरं इतकी घट्ट बांधलेली असतात की अंघोळीची, स्वयंपाकाची वाफ भिंतीत मुरते आणि बुरशी धरते. भाड्याच्या करारातही हे लिहितात, बुरशी आली तर घरमालक आधी हेच विचारतो की खिडक्या उघडत होतीस का. मलाही वेडेपणा वाटायचा, आता आपोआप उठून उघडते. फोडणी मी अजूनही देते, काळजी नसावी.

दादा, रॅमसाठी पैसे पाठवत नाहीये याचा राग मानू नकोस. बारा हजार पाठवतेच आहे, पण यूपीएसच्या बॅटरीला आणि उरलेले आईच्या चष्म्याला. गौरी-गणपतीला यंदाही सुट्टी नाही. वहिनीवर सगळं पडतं हे मला कळतं, तिला माझं नाव घेऊन एक साडी घे, हिशेब मला कळव.

आणि साताऱ्याच्या स्थळाचं. मी नाही म्हटलेलं नाही, डिसेंबरात येईन तेव्हा भेटेन एवढंच म्हटलंय. मामांना तसंच सांग, त्यात स्वतःचं काही घालू नकोस. मेमटेस्टचा निकाल मात्र आधी कळव.

तुझी,
सोनू