क्युबिकल त्याचे, मग सजावटही त्याच्याच हातची असावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमध्ये ‘बे डेकोरेशन’च्या, म्हणजे प्रत्येक गटाने आपला बसण्याचा भाग सजवण्याच्या, स्पर्धा जाहीर होतात आणि आमच्यासारख्या अ‍ॅडमिन विभागातल्या माणसांकडे कंदील, तोरणे, शिडी, जास्तीची खुर्ची अशा मागण्या येऊ लागतात. या उत्साहात राहून जाणाऱ्या एका गोष्टीकडे आपल्या वाचकांचे, विशेषतः व्यवस्थापनात असलेल्या वाचकांचे, लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. कार्यालयातील बहुतेक पुरुषांची क्युबिकल, म्हणजे पार्टिशन घालून केलेल्या बसायच्या जागा, वर्षभर उघडीबोडकी असतात. ती सजतात ती वाढदिवसाला किंवा निवृत्तीच्या दिवशी, आणि तीही इतरांच्या हातून. सहकारी मोठ्या प्रेमाने फुगे आणि झिरमिळ्या लावतात, दुसऱ्या दिवशी सफाई कर्मचारी ते सारे काढून नेतात, आणि ज्याची ती जागा असते त्याला तिथे काय हवे होते हे कोणी विचारलेलेच नसते.

पुरुषांना सजावटीची हौस नसते, हे उत्तर मला मान्य नाही. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत खंडेनवमीला लेथवर काम करणारा कामगार आपले यंत्र स्वतः पुसतो, त्याला हळद-कुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो आणि त्या दिवशी त्या यंत्राला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. एसटीच्या आगारांत दसऱ्याला चालक-वाहक आपल्या गाड्यांना हार घालतात, आणि रिक्षाच्या काचेजवळचा देवाचा फोटो व मुलांची नावे ही तर बारा महिन्यांची सजावट आहे. हे सारे पुरुषच करतात आणि त्यांना कोणी हसत नाही. त्याच घरांतला मुलगा संगणकासमोर बसू लागला की टेबलावर एक रोप ठेवतानाही त्याला ‘हे काय बायकी खूळ’ असे ऐकावे लागते. हौस असतेच, तिला जागा मात्र उरत नाही. अशी शेरेबाजी करणाऱ्यांत वरिष्ठही असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुळात क्युबिकलची रचना अशी कोरी ठेवण्यासाठी झालीच नव्हती. अमेरिकेतील हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६०च्या दशकात ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ ही पद्धत विकसित केली आणि १९६८ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीतून आजचे पार्टिशन जन्मले. काम करणाऱ्याने आपली जागा आपल्या कामाप्रमाणे मांडावी, हलवावी, कागद आणि चित्रे नजरेसमोर टाचावीत, हा त्यामागचा हेतू होता. पुढे कमी जागेत जास्त माणसे बसवण्यासाठी त्याच पार्टिशनचे चौकोनी खण झाले, आणि आपल्याकडे ते आले तेही याच रूपात. टाचण्यासाठी लावलेले कापड तेवढे राहिले. ‘येथे काहीही लावू नये’ अशी सूचनाही पुष्कळदा त्याच कापडावर चिकटवलेली असते.

अशा सूचनेच्या समर्थनार्थ बहुधा ‘क्लीन डेस्क’ धोरणाचे नाव घेतले जाते. आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या मानकात टेबल आणि संगणकाचा पडदा मोकळा ठेवण्याची अट आहे हे खरे आहे. पण तिचा रोख गोपनीय कागद, पेन ड्राइव्ह आणि उघडा सोडलेला संगणक यांवर आहे. पासवर्डची चिठ्ठी जरूर काढायला लावावी. मुलीने काढलेले चित्र, रायगडाचा फोटो किंवा क्रिकेट संघाचा छोटा झेंडा यांमुळे कोणती माहिती बाहेर जाते, हे मला आजवर कोणत्याही ऑडिटमध्ये कळलेले नाही.

या विषयावर अभ्यासही झाला आहे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाचे क्रेग नाइट आणि अ‍ॅलेक्स हॅसलम यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका गटाला कोऱ्या जागेत बसवले, दुसऱ्याला इतरांनी रोपे व चित्रे लावून दिलेल्या जागेत, तर तिसऱ्याला तीच रोपे व चित्रे स्वतःच्या मनाने मांडू दिली. सजवलेल्या जागेत कोऱ्या जागेपेक्षा काम चांगले झाले आणि स्वतः मांडलेल्या जागेत त्याहूनही चांगले. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चौथा गट. या गटातील लोकांनी केलेली मांडणी संशोधकांनी त्यांच्यादेखत बदलून टाकली, आणि रोपे-चित्रे तीच असूनही स्वतः मांडण्यामुळे झालेला लाभ नाहीसा झाला. म्हणूनच वाढदिवसाची ती अचानक सजावट, तिच्यामागे कितीही माया असली, तरी माणसाने स्वतः मांडलेल्या जागेची बरोबरी करू शकत नाही. सहकाऱ्यांनी फार तर आदल्या आठवड्यात ‘तुमच्या जागेवर काय लावू?’ असे विचारावे.

परवानगी दिली की कार्यालय विद्रूप होईल, ही भीती व्यवस्थापकांना वाटते. रोजच्या अनुभवावरून सांगतो की थोडी पथ्ये पाळली तर तसे होत नाही. कापडी पार्टिशनला टाचणी चालते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप मात्र काढताना कापडाचा धागा ओढते. विजेची माळ आणि तिच्यासाठी ओढलेले एक्स्टेंशन नको. छताजवळचे स्प्रिंकलर आणि धूरशोधक यांच्यासमोर काही टांगू नये. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी त्याची अक्षरे अजून कार्यालयांत येतात, याकडे एचआरने पाहावे. मनी प्लँट, स्नेक प्लँट ही रोपे कमी उजेडातही तग धरतात. पाण्यात ठेवलेल्या रोपाचे पाणी मात्र आठवड्यातून एकदा बदललेच पाहिजे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि लांबच्या सुट्टीनंतर ती बाटली पाहण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

खरी अडचण ‘हॉट डेस्किंग’ची आहे. करोनानंतर अनेक कंपन्यांनी ठरलेली जागाच काढून घेतली. सकाळी अ‍ॅपवर जे टेबल मिळेल ते आपले, आणि संध्याकाळी ते रिकामे करून जायचे. जागेचे भाडे वाचते हे मी नाकारत नाही. परंतु मग निदान प्रत्येक गटाला त्याच्या बसण्याच्या भागात एक कायमचा सॉफ्टबोर्ड आणि प्रत्येकाला एक लॉकर द्यावा, म्हणजे सकाळी फोटोची चौकट काढून टेबलावर ठेवता येईल.

कंपन्यांना माझी विनंती एवढीच आहे की या वर्षीच्या सजावट स्पर्धेच्या परिपत्रकात आणखी दोन ओळी घालाव्यात: प्रत्येक कर्मचाऱ्याने आपली जागा आपल्या आवडीने मांडावी, आणि अग्निसुरक्षेचे व गोपनीयतेचे नियम पाळून केलेली ही मांडणी दिवाळीनंतर काढली जाणार नाही. सफाईच्या कंत्राटदारालाही या परिपत्रकाची प्रत द्यावी.

आपला नम्र,
एक वाचक, पिंपरी-चिंचवड