टायर आतून खाल्ला जातो आणि बिल फाडतात हवेच्या नावाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या गाड्यांच्या पानावर मध्यंतरी टायरची काळजी कशी घ्यावी हे आलं होतं, हवा वेळेवर तपासा, टायर अदलाबदल करून घ्या, संपलं. चूक काहीच नाही त्यात, पण नेमका हाच सल्ला ऐकत बसलो आणि माझे दोन टायर भंगारात गेले म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर कापा, फक्त मधला भाग ठेवा.

झालं असं, सर्व्हिसला गाडी दिली तेव्हा तिथला माणूस म्हणाला पुढचा डावा टायर आतल्या कडेने जास्त घासलाय, हवा कमी ठेवता का? म्हटलं नाही हो, दर पंधरा दिवसांनी बघतो. तरी हवा भरली, अलाइनमेंट केली, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवले, टायर मागचे पुढे पुढचे मागे केले आणि कागद हातात दिला, सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. पुढच्या सर्व्हिसला परत तेच रडगाणं, फक्त आता मागून पुढे आलेला टायर खाल्लेला. म्हणजे जागा तीच, टायर दुसरा, आणि पहिला पुरावा रोटेशनमुळे मागच्या चाकावर जाऊन बसलेला! एवढं साधं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

बाहेरून बघाल तर टायर एकदम तरुण. आतली कड दिसतच नाही, स्टेअरिंग पूर्ण वळवून खाली वाकावं लागतं. तसं वाकून एकदा तळहात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीच्या दातांसारखं लागतंय, पुढे सरकलो तर बारीक तार बोटात घुसली. टायरच्या खाचांत 1.6 मिलिमीटरची खूण असते ना, बाहेरच्या खाचेत ती अजून बरीच खाली होती आणि आतल्या कडेला तारा बाहेर, एकाच टायरवर!

आता मधला भाग. हवा कमी असली तर टायरच्या दोन्ही कडा जातात, जास्त असली तर मधला पट्टा जातो. एकाच चाकाची एकच कड जात असेल तर हवेला कशाला बदनाम करता, चाक तरी कललेलं आहे, म्हणजे कॅम्बर, नाहीतर तिरकं चालतंय, म्हणजे टो. आणि टो थोडासा चुकला तरी काय होतं बघा. चाक साधारण 600 मिलिमीटर व्यासाचं धरा, तेवढ्यात ते 3 मिलिमीटर तिरकं असेल तर दर किलोमीटरला पाचेक मीटर टायर रस्त्यावर आडवा घासला जातो. हजार किलोमीटरचा हिशेब तुम्हीच करा. आणि टायरवर मध्येमध्ये खड्डे पडल्यासारखे चट्टे असतील तर आधी शॉकअप बघायचे, चाक उड्या मारत चाललेलं असतं, त्याचा आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा येतो आणि लोक बेअरिंग बदलून मोकळे होतात.

मग अलाइनमेंटचा कागद हिरवा कसा? हे मला दुसऱ्या एका मिस्त्रीने दाखवलं. तो म्हणाला अलाइनमेंट नंतर, आधी प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, बघू. गाडी वर घेतली, चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, म्हणजे लोअर आर्म, त्याच्या मागच्या बुशजवळ (सांध्यातलं रबर) टॉमी, म्हणजे पहार, घातली आणि नुसतं दाबलं तर अख्खा आर्म पुढेमागे हलला, रबर गोल फाटून लोंबत होतं. गाडी मशीनवर उभी असते तेव्हा चाक गपगुमान जागेवर असतं, आकडे बरोबरच येणार, पण रस्त्यावर ब्रेक मारला की चाक मागे सरकतं आणि टो बदलतो. ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते हे मी पहिल्या सर्व्हिसलाच सांगितलं होतं, तेव्हा उत्तर काय तर रस्त्याला उतार असेल.

बुश बदललं, पण तो बोल्ट त्याने गाडी खाली उतरवून वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळला, वर टांगलेली असताना आवळला तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं म्हणे. त्यानंतर अलाइनमेंट परत. बऱ्याच गाड्यांना पुढचा कॅम्बर सेट करायची सोयच नसते, फक्त टो करता येतो, त्यामुळे कॅम्बर लाल असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय हे समजून शोधायचं, ‘एवढं चालतं’ म्हणून कागद घडी करून द्यायचा नाही.

टायरची भरपाई द्या म्हटलं तर टायरवाले म्हणतात दोष गाडीचा, वॉरंटीत बसत नाही, गाडीवाले म्हणतात टायर झिजणारच, तोही बसत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि मी मध्ये चार टायरांचा मालक.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी टायरवर छापाल तेव्हा अलाइनमेंटचा कागद कसा वाचायचा हेही छापा, आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे मागून घ्यावेत आणि अलाइनमेंटच्या आधी बुश, बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोल सांधा), टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) हलवून बघायला सांगावं हे लोकांना कळू द्या. माझ्याकडचे जुने कागद परवा काढून बघितले, दोन्ही जॉबकार्डवर ‘सस्पेन्शन चेक’ पुढे निळ्या पेनाने ओके लिहिलंय, अक्षर मात्र छान आहे.

आपला,
एक वाचक