जेल शिकवणाऱ्या दादाचे जाहीर आभार

दादा, नाव घेत नाही, तुम्हाला ते चालणार नाही, पण हे चारचौघांत लिहायचंच होतं. फ्रीबीएसडीवर (युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) जेल, म्हणजे त्याच मशीनमध्ये प्रोग्रॅम कोंडून चालवायची वेगळी खोली, सेटअप करायचं म्हणून तुमच्या मागे लागलो तेव्हा मला नुसत्या कॉपी-पेस्ट करायला कमांड हव्या होत्या, आणि तुम्ही त्या दिल्याच नाहीत! खरं सांगतो, तेव्हा जाम वैताग आला होता.

जेल सांभाळणारी मॅनेजर टूल वगैरे नंतर बघू, पहिलं जेल हाताने उभं कर म्हणालात. बेसची (मूळ सिस्टिमच्या फाइल्सची) टारबॉल एका डिरेक्टरीत एक्स्ट्रॅक्ट करायची, जेल डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये पाथ, होस्टनेम, आयपी असं मोजकंच लिहायचं, सर्व्हिस स्टार्ट करायची, जेएलएसमध्ये (चालू जेलची यादी) दिसलं की जेएक्झेक कमांडने आत शिरायचं. बस. वेगळा कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाही, आतल्या प्रोसेस होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी) सरळ दिसतात, आणि हे सगळं 2000 सालच्या फ्रीबीएसडी 4.0 पासून आहे, असंच काम करणारं डॉकर आलं 2013 ला. कर्नल एकच, म्हणून व्हर्जन 14 च्या होस्टवर 13 चा बेस चालतो पण उलटं करायचं नाही, हे तुम्ही कारणासकट सांगितलंत त्यामुळे आता पाठ करावं लागत नाही.

सगळ्यात भारी होतं ते एसएसएचचं (दुसऱ्या मशीनवर लांबून लॉगिन करायची सोय) भूत. जेलमधलं एसएसएचडी, म्हणजे ते लॉगिन घेणारा प्रोग्रॅम, बंद, तरी जेलच्या आयपीवर लॉगिन होतंय, आणि आत जाऊन बघावं तर आपण होस्टवरच! तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, होस्टवर सॉकस्टॅट (कोणता प्रोग्रॅम कोणत्या आयपी-पोर्टवर ऐकतोय ते दाखवणारी कमांड) मारून बघ. एसएसएचच्या पोर्ट 22 समोर चांदणी (*), म्हणजे होस्टचं एसएसएचडी मशीनवरच्या सगळ्या आयपींवर कान लावून बसलेलं, त्यात जेलला दिलेला आयपी पण आला. एसएसएचडीच्या लिसन-अॅड्रेस सेटिंगमध्ये होस्टचा एकच आयपी टाकला आणि विषय संपला. उत्तर आयतं दिलं असतंत तर सॉकस्टॅट नावाची चीज मला कळलीच नसती, आता काही अडलं की पहिलं तेच मारतो.

पिंगचं पण तसंच. जेलच्या आतून पिंग केलं (दुसरं मशीन उत्तर देतंय का बघितलं) की ऑपरेशन नॉट परमिटेड, आणि जिथे शोधावं तिथे सल्ला एकच, रॉ सॉकेट चालू करा. तुम्ही अडवलंत. आतल्या रूटला (सगळे अधिकार असलेल्या युजरला) मनासारखी पॅकेट बनवायची मुभा नुसत्या पिंगसाठी कशाला द्यायची, नेट चालतंय का बघायचंय ना, मग फेच कमांडने एखादी फाइल उतरवून बघ. पटलं एकदम.

झेडएफएस या फाइलसिस्टिमवर टेम्प्लेटचा (तयार नमुना जेलचा) स्नॅपशॉट घेऊन त्याचा क्लोन मारायची युक्ती तर रोज वापरतोय, नवीन जेल चुटकीसरशी तयार आणि डिस्कवर सुरुवातीला जागा जवळपास शून्य. (मोडतोड करायला एक जेल कायम वेगळं ठेवलंय, ते पण तुमचंच डोकं.)

तर मनापासून थँक यू दादा. आता व्हीनेट (जेलला स्वतःचं वेगळं नेटवर्क) लावायला घेतोय, त्यातल्या एपेअर आणि ब्रिज या आभासी नेटवर्क जोडण्यांमध्ये अडकलो की मेसेज येणारच, आणि या वेळी सॉकस्टॅटचं आउटपुट आधीच जोडून पाठवीन.