माळावरचे शिकारी पक्षी : मित्रास पत्र

पुणे,
१४ नोव्हेंबर

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. नोकरीतून मोकळा होऊन तू इंदापूरकडच्या शेतावर राहायला गेलास याचा आनंद होताच. तिथे तुला शिकारी पक्ष्यांचे वेड लागले हे वाचून तो दुणावला. तू लिहितोस की चित्रे पाहून पाहून पाठ झाली, तरी आकाशात पक्षी दिसला की सगळी चित्रे एकमेकांत मिसळतात आणि तपकिरी रंगाचा कोणताही पक्षी क्षणात घार वाटतो, क्षणात गरुड. यात तुझ्या नजरेचा दोष नाही. या पक्ष्यांना रंगावरून ओळखायला निघाले की कोणाचेही असेच होते, कारण एकाच जातीत नर निराळा, मादी निराळी आणि पहिल्या वर्षाचे पिल्लू त्याहून निराळे असते. काही जातींत फिकट आणि गडद अशी दोन रूपे असतात. आणि जुनी पिसे झडून नवी येत असताना पंखांची कडसुद्धा बदललेली दिसते. मधुबाजाचेच पाहा. फिकट, तांबूस, पट्टेदार, जवळजवळ काळा अशा इतक्या रंगांत तो आढळतो की रंग पाहून त्याचे नाव घेणे अशक्यच. पण लांब मानेच्या टोकावरचे त्याचे लहानसे, कबुतराच्या वळणाचे डोके एकदा डोळ्यांत बसले की तो कोणत्याही रंगात आला तरी कळतो. म्हणून माझा आग्रह असा की रंग सर्वांत शेवटी पाहावा. आधी बांधा आणि उडण्याची ढब पाहावी, आपण कोणत्या जागी आणि कोणत्या महिन्यात उभे आहोत हे ध्यानात घ्यावे, आणि मगच पिसांकडे वळावे.

याची सुरुवात तू घारीपासून कर. घर सोडून कुठे जायला नको, आणि पुढे प्रत्येक अनोळखी पक्षी तुला तिच्याशीच ताडून पाहायचा आहे. घारीच्या शेपटीला खाच असते हे सगळे जण सांगतात, पण तिने शेपटी पूर्ण पसरली की खाच नाहीशी होऊन कड सरळ दिसते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. अधिक भरवशाची खूण म्हणजे ती शेपटी, सुकाणू फिरवावे तशी, उडताना सतत डावीउजवीकडे पिळत असते. तरंगताना तिचे पंख किंचित खाली वाकलेले असतात. एवढे मनात पक्के झाले की हिवाळ्यात घारींच्या घोळक्यात बेमालूम मिसळून फिरणारा बूटेड ईगल तुला वेगळा काढता येईल. आकाराने तो घारीएवढाच असतो आणि गडद रूपातला असला तर रंगानेही तसाच वाटतो, पण त्याची शेपटी चौकोनी असते आणि ती पिळली जात नाही. शिवाय तो समोरून येत असताना, पंख जिथे अंगाला जुळतात तिथे मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो. उजनीच्या पाण्याकडे गेलास तर ब्राह्मणी घारही भेटेल. पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची मोठी घार ओळखणे सोपे. पिल्लू मात्र तपकिरी असते, आणि तिथे शेपटीचा गोलसर शेवट उपयोगी पडतो.

तुझ्या दुसऱ्या फोटोतला, हवेत एका जागी थांबलेला पक्षी खरूची, म्हणजे केस्ट्रेल हा छोटा ससाणा, आहे. मात्र ‘हवेत थांबतो म्हणजे खरूची’ असे समीकरण करू नकोस, कारण तुमच्या माळावर हे कसब निदान तिघांना साधते. कापशी ही कावळ्याएवढी, पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग आणि लाल डोळे असलेली. ती फडफडत थांबते, मग पंख वर उचलून, पाय खाली सोडून टप्प्याटप्प्याने गवतात उतरते, आणि तारेवर बसली की शेपटी वरखाली करत राहते. सापमार गरुड या दोघांहून कितीतरी मोठा. त्याचे पोट आणि पंखांची खालची बाजू जवळजवळ पांढरी असते, बहुधा डोके आणि छाती तपकिरी, डोळे पिवळे. एवढे वजनदार अंग घेऊन तो पाय लोंबते सोडून हवेत थांबतो, तेव्हा प्रथम पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. साप गिळत गिळत उडत असताना त्याच्या चोचीतून सापाची शेपटी बाहेर लोंबताना दिसते.

खरूचीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तिच्याकडून मी फार शिकलो. गेल्या हिवाळ्यात सासवडच्या पुढच्या एका उतारावर वारा जोराचा होता आणि एक नर माझ्यापासून जेमतेम तीस-चाळीस पावलांवर, जवळजवळ माझ्या डोळ्यांच्या पातळीवर थांबला होता. राखाडी डोके, राखाडी शेपटी आणि तिच्या टोकाला रुंद काळा पट्टा, विटकरी पाठीवर काळे ठिपके, सगळे दुर्बिणीशिवाय दिसत होते. शेपटी पूर्ण पसरलेली होती. पंखांची टोके प्रत्येक झुळकेसरशी थरथरत होती, अंग खालीवर होत होते, पण डोके तसूभरही हलत नव्हते. तोंड वाऱ्याच्या दिशेला आणि नजर खालच्या गवतावर. वाऱ्याच्या जोराइतकाच जोर पुढे लावून जमिनीच्या हिशेबात एका जागी राहायचे आणि डोके स्थिर ठेवून गवतातली बारीक हालचाल टिपायची, हे त्याचे तंत्र त्या दिवशी मला इतक्या जवळून पाहायला मिळाले की पुढे कितीतरी वेळ मी दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याकडे वळलो नाही.

आता ज्यांच्यासाठी तुझा हेवा वाटतो त्या हॅरियरविषयी, म्हणजे भोवत्यांविषयी. सप्टेंबरच्या अखेरीपासून ते मध्य आशियाकडून आपल्याकडे येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरात वर धरून, थोडी फडफड आणि मग लांब तरंग अशा चालीने ते माळ विंचरत जातात. चेहऱ्याभोवतीच्या पिसांची घुबडासारखी तबकडी आवाज कानांकडे वळवते, त्यामुळे गवतातल्या खसफशीवरूनही त्यांना शिकार सापडते. नर ओळखायला तितकेसे अवघड नाहीत: पॅलिड हॅरियरचा नर अतिशय फिकट राखाडी आणि पंखाच्या टोकाला काळी, अरुंद पाचर, मॉन्टेग्यूचा नर त्याहून गडद, पंखाच्या वरच्या बाजूला एक काळी रेघ आणि कुशीवर तांबूस ओरखडे. खरी कसोटी माद्यांची. दोन्ही जातींच्या माद्या तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, दोघींच्या शेपटीवर आडवे पट्टे. पॅलिडच्या मादीच्या मानेभोवती फिकट पट्टी आणि तिच्या मागे गडद पट्टी असते, तर मॉन्टेग्यूच्या मादीत ती फिकट पट्टी ठसठशीत नसते. हे दिसायला पक्षी जवळून जावा लागतो आणि उन्हाची बाजूही अनुकूल असावी लागते. ते जुळून आले नाही, तर वहीत ‘पॅलिड किंवा मॉन्टेग्यू, मादी’ एवढेच लिहावे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना तशी सोय मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती वापरण्यात काहीही कमीपणा नाही. ओढूनताणून लावलेले नाव पुढे या पक्ष्यांच्या मोजणीतही शिरते, आणि ज्यांची संख्या घटते आहे त्यांच्याविषयी खोटी माहिती साठवणे मला फार गंभीर वाटते.

हे पक्षी रात्री जमिनीवर, उंच गवतात, एकत्र निजतात. गुजरातेतले वेळावदर त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे, पण आपल्याकडच्या माळांवरही लहान-मोठे रातथारे असतात. सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी उंचवट्यावर, गवतापासून बरेच लांब, बांधाच्या आडोशाला बसून राहा. भोवत्ये एकेक करून येतात, घिरट्या घालतात, बसतात, पुन्हा उठतात आणि अंधारता अंधारता गवतात नाहीसे होतात. त्या गवतात शिरायचे मात्र नाही, फोटोसाठी तर नाहीच; एकदा उठवलेले पक्षी काळोखात दुसरी जागा शोधत भटकतात.

त्यांचे बरेचसे पोट नाकतोड्यांवर चालते, आणि नाकतोडे गवतावर. म्हणूनच माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हटलेले वाचले की मला संताप येतो. हिरवाईच्या हौसेने चांगल्या गवताळ माळावर खड्डे खणून झाडे लावलेली मी पाहिली आहेत. पुढच्या हिवाळ्यात तिथे भोवत्या आला नाही. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक आणि हे सारे शिकारी पक्षी उघड्या जमिनीचेच रहिवासी आहेत. तुमच्या गावात असा बेत निघाला तर ग्रामसभेत तू उभा राहून बोलावेस अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मोठ्या तपकिरी गरुडांची घाई करू नकोस. टॉनी ईगल कोरड्या मुलखात बारमाही राहतो, स्टेपी ईगल हिवाळी पाहुणा आहे आणि ठिपकेवाला मोठा गरुड पाण्याच्या आसपास, भिगवणसारख्या ठिकाणी, शोधावा. बसलेला पक्षी टेलिस्कोपमधून पाहता आला तर चोचीच्या कोपऱ्यातली पिवळी कड कुठवर जाते ते पाहा: टॉनीत ती डोळ्याच्या मध्याच्या आसपास संपते, स्टेपीत डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचते.

शिक्रा तुझ्या आंब्याच्या झाडावरच असेल. आखूड गोलसर पंख, लांब शेपटी, चार-पाच फडफडी आणि मग तरंग, ही त्याची चाल. त्याच्याशी हुबेहूब साम्य असलेला पक्षी शिकारी नाहीच, तो आपला पावशा. पट्टेरी शेपटी तीच, उडण्याची ढब तीच, लहान पक्षीसुद्धा त्याला पाहून कल्लोळ करतात. पावसाळ्याच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ ऐकू आले की प्रश्न मिटतो, पण हिवाळ्यात तो गप्प असतो. तेव्हा चोच पाहावी. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी वळलेली असते, पावशाची जवळजवळ सरळ.

ससाण्यांचे पंख टोकाला निमुळते असतात. गरुडांच्या पंखांची टोके बोटे फाकल्यासारखी दिसतात, आणि हा भेद लांबूनही कळतो. उजनीवर बदकांचे थवे एकदम उधळले तर वर पाहा, बहिरी ससाणा असण्याची शक्यता असते. सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. तुरुमती हा तांबूस डोक्याचा छोटा ससाणा जोडीने शिकार करतो, एक पाखराला उठवतो आणि दुसरा गाठतो. आणि सध्या तर अमूर ससाण्यांचे दिवस आहेत. सैबेरियाचा पूर्व भाग आणि उत्तर चीन इथून निघालेले हे पारव्याहून लहान पक्षी नागालँड-मणिपूरमध्ये थांबतात आणि मग भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता, आफ्रिकेत जातात. नागालँडमधल्या दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली त्यांची प्रचंड प्रमाणावर शिकार झाल्याचे उघडकीस आले. पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी ती थांबवली आणि तीन पक्ष्यांना उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर लावून त्यांचा मार्ग पाहिला गेला. लोणावळ्याच्या डोंगरांवर नोव्हेंबर-डिसेंबरात ते काही दिवस दिसतात. तारेवर बसलेली खरूची वेगळी वाटली, मांड्यांवर विटकरी रंग आणि पाय नारिंगी-लाल दिसले, तर मला लगेच फोन कर.

काही व्यवहाराच्या गोष्टी. दुर्बीण आठ पट मोठे दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची घे; बारा पटीची हातात थरथरते आणि उडता पक्षी तिच्यात सापडत नाही. रातथाऱ्यावरून निघणारे भोवत्ये सोडले तर या पक्ष्यांसाठी पहाटे उठण्याची गरज नाही, कारण जमीन तापून हवा वर चढू लागली की, म्हणजे नऊ-साडेनऊनंतर, मोठे शिकारी पक्षी उंच चढतात. कोतवाल, टिटव्या आणि कावळे यांच्या ओरडण्याकडे कान ठेव. कोतवाल एखाद्या मोठ्या पक्ष्यामागे लागला असेल तर तो मापालाही उपयोगी पडतो, कारण शेपटीसकट त्याची लांबी सुमारे तीस सेंटिमीटर असते. चित्रांचे पुस्तक उघडण्याआधी वहीत पंखांची आणि शेपटीची चार रेघांत आकृती काढ. आधी पुस्तक पाहिले की डोळ्यांनी न पाहिलेल्या खुणाही मनाने पाहिल्यासारख्या वाटू लागतात. आणि घरटे सापडले तर त्याचा ठावठिकाणा कोणालाही कळवू नकोस, फोटोही टाकू नकोस.

तुझ्या तिसऱ्या फोटोतला, बांधावर बसलेला पक्षी तिसा असावा असे वाटते, पण गळा दिसत नाही. पुन्हा दिसला तर पांढरट गळ्याच्या मधोमध आणि दोन्ही गालांवर काळ्या रेघा आहेत का आणि डोळे फिकट आहेत का, एवढे पाहून कळव. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी चार दिवस येतो आहे. टेलिस्कोप मी आणतो; तू कडबनवाडीच्या माळाकडे जाणारा रस्ता आणि संध्याकाळी बसायला योग्य असा एखादा उंचवटा तेवढा पाहून ठेव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव