बापूच्या गाण्याबद्दल, लेथब्रिजहून

लेथब्रिज, आल्बर्टा, कॅनडा
मे महिना

तीर्थरूप आबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, ज्वारीचं पीठ कॅल्गरीत मिळतं, थंडी ओसरली आहे. आईने आता दिवाळीपर्यंत स्वेटरचा विषय काढू नये. कामाचं तुम्हाला माहीत आहे, तेच गुरांचं चाललंय.

आबा, बापूचा विषय तुम्ही माझ्यावर टाकलात. मेंढरं विकायची, पुण्यात खोली घ्यायची आणि ओव्या रेकॉर्ड करून त्यावरच जगायचं, असं त्याने ठरवलंय म्हणता. मी त्याला गाणं सोड म्हणावं अशी तुमची अपेक्षा दिसते. तसं मी म्हणणार नाही. पण मेंढरं विक असंही म्हणणार नाही. कारण लिहितो, त्यालाही वाचायला द्या.

इकडे कॉर्ब लंड नावाचा गायक आहे. गाणी स्वतः लिहितो, स्वतः गातो. जन्म १९६९चा, टेबर गावचा. टेबर इथून पूर्वेला पन्नासेक किलोमीटर. बीटापासून साखर काढणारा कारखाना तिथे आहे, म्हणजे आपल्या हिशेबात कारखान्याचं गाव. टेबर, कार्डस्टन आणि रोझमेरी इथल्या घरच्या शेतावर आणि रँचवर तो वाढला. रँच म्हणजे गाया मोकळ्या सोडायचं गवताचं रान. पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणून कोरड्या रानात एका गायीला आणि तिच्या वासराला वर्षभरासाठी कित्येक एकर गवत लागतं. आपल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या माणसाला हे जास्त सांगायला नको. वडील जनावरांचे डॉक्टर. आई-वडील आणि त्यांच्या आधीची पिढीही रोडिओत, म्हणजे जनावरांच्या मर्दानी खेळांत उतरलेली. हा स्वतः लहानपणी स्टिअरवर, म्हणजे बडवलेल्या गोऱ्ह्यावर, बसायचा.

बापूने पुढचं नीट वाचावं. गावातून तो एडमंटनला गेला तो आधी शिकायला: ग्रँट मॅकएवन कॉलेजात जॅझ गिटार आणि बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. १९८९ साली मित्रांबरोबर द स्मॉल्स नावाचा कर्कश आवाजाचा बँड काढला आणि २००१पर्यंत त्यात बास वाजवला. त्या बँडमध्ये असतानाच, १९९५ साली, रँचकडच्या गाण्यांचा स्वतःचा पहिला अल्बम केला. नाव झालं ते २००२च्या अल्बमने. त्याला गोल्ड मिळालं, आणि त्या काळी कॅनडात गोल्ड म्हणजे ५०,००० प्रतींचा खप. म्हणजे बँड काढल्यापासून तेरा वर्षं गेली. बापू मला सहा महिन्यांचा हिशेब सांगतो.

त्याच्या गाण्यांत प्रेमभंग कमी, चिखल जास्त. एका गाण्यात ट्रक चिखलात रुततो, ओढायला दुसरा येतो तोही रुततो, मग तिसरा, असं सगळं गाव रुतून बसतं. इकडची माती पावसात चाकाला कशी धरते हे माहीत असलेला माणूस ते ऐकून गडबडा लोळतो. शहरातल्याला नुसतं विनोदी वाटतं. दुसऱ्या एका गाण्यात तो गायींच्या जाती एकामागून एक मोजत जातो. २००५च्या अल्बमच्या नावात हायलँड जातीचा स्टिअर आहे, डोळ्यांवर झिपऱ्या येणारा. जनावरांच्या डॉक्टरवर एक आख्खं गाणं आहे. आपल्या धंद्यावर एवढं खरं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

आता आईचा प्रश्न. फोनवर विचारलंस, "तिकडं वासरांना भाजतात म्हणं, आणि तू उभा राहून बघतोस?" बघत नाही आई, लस टोचतो. हे ब्रँडिंग एकदा सविस्तर सांगतो म्हणजे पुन्हा फोनवर रडारड नको.

मे-जूनमध्ये वासरं दोन-तीन महिन्यांची झाली की रँचवाला दिवस ठरवतो आणि शेजारी आपापले घोडे घेऊन येतात. मजुरी कुणी घेत नाही. पुढच्या शनिवारी हा त्यांच्याकडे जातो. जेवण यजमानाकडे, आणि जेवण कमी पडलं तर ती गोष्ट पुढची वीस वर्षं बोलली जाते. गाया बाजूला काढतात. घोडेस्वार वासराच्या मागच्या दोन्ही पायांत फास टाकतो, दोराचे वेढे खोगिराच्या खुंटीला देतो आणि घोडा पावला-पावलाने चालवत वासरू ओढून आणतो. घोडा पळवला तर पाय निखळतो, म्हणून पळवणाऱ्याला पुन्हा दोर देत नाहीत. दोघं वासरू धरतात. एकजण मानेवर गुडघा टेकून वरचा पुढचा पाय दुमडून धरतो, दुसरा मागे जमिनीवर बसून वरचा मागचा पाय स्वतःकडे ताणतो आणि खालचा बुटाने पुढे रेटतो. मग प्रत्येकाचं एकेक काम. मी मानेच्या कातडीखाली लस देतो. आबा, त्यात आपला फऱ्याच आहे, त्याच जातीच्या आणखी काही रोगांबरोबर. गोऱ्हा असेल तर लगेच बडवणं. आणि शेवटी छाप.

छाप लावायचं लोखंड लाल नसतं. लाल झालं तर केस पेट घेतात आणि कातडं खोल जळतं. राखेसारखा करडा रंग आला की ते योग्य तापलं. कमी तापलं तर जास्त वेळ दाबावं लागतं, वासरू हलतं आणि अक्षर फाटतं. वासरू ओलं असेल तर छाप लावतच नाहीत, कारण केसांतल्या पाण्याची वाफ होऊन आजूबाजूचं कातडं भाजतं आणि खूण पसरते. तीन ते पाच सेकंद, मूठ जराशी डोलवत. खाली नव्या खोगिराचा तपकिरी रंग दिसला की उचलायचं. खूण सरकारदरबारी नोंदलेली असते, आणि अंगावरच्या जागेसकट. तीच खूण डाव्या बरगडीवर एकाची, उजव्या पुठ्ठ्यावर दुसऱ्याची. कानातला बिल्ला काटेरी तारेत अडकून तुटतो, कातड्यावरची खूण तुटत नाही, आणि विक्रीला नेताना तपासनीस तीच बघतो. आपण मेंढराच्या कानाला काप देतो तो याचसाठी ना? वासरू उठतं आणि आईला लुचायला पळतं. बडवल्यावर जे निघतं त्याचं इथले काहीजण काय करतात ते आईला सांगू नका. मी खात नाही, आणि मोठ्या जनावराचंही खात नाही. पुन्हा विचारू नका.

हे एवढं लांबण लावलं ते बापूसाठी. ही माणसं संध्याकाळी गाणं ऐकायला हॉलमध्ये पुढच्या खुर्च्यांवर बसतात. गाण्यात लोखंड लालभडक म्हटलंस की ते ओळखतात की हा गेटपाशी उभा राहून बघून गेलेला आहे. बापूच्या ओवीत मेंढी विताना अडलेली होती ती मला आवडली, कारण कोकराचं एक पाऊल पुढे आणि दुसरं आत दुमडलेलं, हे त्याने बरोबर सांगितलं होतं. पुण्याच्या खोलीत हे कुठून आणणार?

कॉर्ब लंडचा वडीलधारा मित्र, गायक इअन टायसन, २०२२च्या डिसेंबरात ८९व्या वर्षी वारला. त्याचं उलटं होतं. तो रँचवर जन्मलेला नाही. रोडिओत पाय मोडला, तो दवाखान्यात पडून गिटार शिकला. १९६३ साली त्याचं एक गाणं आलं, परमुलखात कामाला निघालेल्या माणसाचं. त्यावर मी लिहीत नाही, आई वाचणार आहे. ते गाणं नील यंग या नावाजलेल्या गायकाने १९७८ साली आपल्या अल्बमात गायलं. त्याच्या रॉयल्टीचे पैसे टायसनने रानात घातले आणि रँच उभी केली, लाँगव्ह्यूजवळ, इथून दोन तासांच्या आत. तिथेच घोडे पाळले, तिथेच गाणी लिहिली, तिथेच गेला. म्हणजे गाण्याने रान आणलं. बापू कळप विकून गाणं आणायला निघालाय. कॉर्ब लंडने स्वतःच्या गाण्यांचा एक अल्बम २०२४ साली टायसनला वाहिला, आणि तो घरच्या बैठकीत बसून रेकॉर्ड केला. स्टुडिओची खोली नव्हती तर अडलं नाही, एवढंच दाखवतो.

गुरांची माणसं गाण्यासाठी जमतात तेही कामाचं गणित बघून. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या एल्को गावी १९८५पासून गुराख्यांच्या कवितांचा मेळावा भरतो, जानेवारीच्या अखेरीस. तेव्हा गवत टाकण्यापलीकडे रानात फारसं काम नसतं आणि वेताचा हंगाम सुरू व्हायचा असतो.

पैशाचं. इकडे तिकीट लावून कार्यक्रम झाला की आयोजक तिकिटांच्या गल्ल्यातले ३ टक्के गाणं लिहिणाऱ्यांच्या संस्थेला भरतो आणि कुठली गाणी झाली ती यादी गायक पाठवतो. यादी पाठवली नाही तर त्याचा वाटा बुडतो. नवे गायक लोकांच्या बैठकीच्या खोलीत गातात. तीस-चाळीस माणसं, दरडोई वीस-पंचवीस डॉलर, घरमालक त्यातलं काही ठेवत नाही. आपल्याकडे गाणं लिहिणाऱ्यांची तशीच आयपीआरएस ही संस्था आहे. बापूने स्वतः रचलेल्या ओव्यांसाठी तिचं सभासद व्हावं. बिरोबाची पिढीजात ओवी स्वतःच्या नावावर लावायची नाही, ती कुणा एकाची नाही. आणि कुठल्याही स्टुडिओवाल्याने "एकदाच घे आणि सही कर" म्हटलं तर सही करू नये. २०१२च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर लिहिणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून घेता येत नाही, पण सही केली की माणूस दबतो.

रेकॉर्डिंग वाड्यावरच होऊ शकतं. फोनवर करू नये, कारण फोन आवाज आपोआप वर-खाली करतो. ढोलावर थाप पडली की तो सगळं दाबतो आणि पुढचे दोन शब्द बुडतात. हातात धरायचा रेकॉर्डर घ्यावा, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी. गाणारा वीतभर-दोन वीत अंतरावर, ढोल चार-पाच पावलं मागे. आवाजाची पट्टी सगळ्यात जोराच्या थापेला उणे १० डेसिबलच्या खाली राहिली पाहिजे, ० ला टेकली की आवाज फाटतो आणि तो पुन्हा सांधता येत नाही. फाईल वेव्हमध्ये (WAV), दोन ठिकाणी ठेवावी. आणि पावसाळ्यात ढोलाचं कातडं ढिलं पडतं, म्हणून उन्हाळ्यात आटपावं. इकडे याच्या उलट दुखणं. हिवाळ्यात तापवलेल्या घरात हवा इतकी कोरडी होते की गिटारचं लाकूड आक्रसून चिरतं, म्हणून पेटीत ओला स्पंज ठेवतात, आणि बाहेरून आणलेली पेटी काही तास उघडत नाहीत.

रेकॉर्डरचे आणि बाकीच्या सामानाचे मिळून ३५,००० रुपये बापूच्या खात्यावर टाकलेत. मेंढरू विकायचं कारण उरलं नाही. आबा, तुम्ही मात्र त्याला माघारी आला की "झालं का गाणं?" असं म्हणू नका.

माईच्या लग्नाचे पैसे वेगळे आहेत, ते यात धरू नका. तुळशीचं लग्न झाल्यावरची तारीख धरली असं कळलं. पाहुणे चांगले आहेत, धरा. दागिन्यांचे दीड लाख दसऱ्याआधी येतील. पण मी त्या दिवसांत येऊ शकेन असं वाटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रँचवरची वासरं आईपासून तोडून फीडलॉटला, म्हणजे गुरं पोसायच्या मोठ्या आवारात, येतात, प्रवासाने आणि धुळीने छातीचे आजार त्याच दिवसांत उसळतात, आणि तेव्हा आमच्यातल्या कुणालाच रजा देत नाहीत. विचारून पाहिलं आहे. माईला हे मी स्वतः सांगतो, तुम्ही सांगू नका. मामाच्या शेजारी उभं राहायला बापू आहेच, आणि हळदीच्या रात्री तोच गाईल. त्याला सांगा, फोन चालू ठेव.

माझ्या लग्नाचं आत्ता कुणाला शब्द देऊ नका. परीक्षा राहिली आहे, लायसन्स नाही, अशा माणसाला मुलगी कशाला देताय? आईने पाठवलेला फोटो बघितला. मुलगी चांगली आहे. म्हणूनच म्हणतो.

आबांनी गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्यावा, त्याचे पैसे पण त्याच खात्यात आहेत. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचून घ्या. मागच्या वेळी लांबवलं होतं. लहान कोकरांना पहिली लस असेल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी लागते, ती चुकवू नका. दवाखान्यातून लस बर्फात आणा.

तुमचा
बाळू